मुलीसाठी सनई घेताना

आमची मुलगी अकरावीत गेली आणि तिने आमच्याकडे सनई मागितली. तिने मोबाईल मागितला असता किंवा स्कूटी मागितली असती, तर काय उत्तर द्यायचे ते आमच्याकडे तयार होते. पगार किती, घराचा हप्ता किती, हे सांगितले की मुले समजून घेतात. सनईला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हते.

आम्ही अंबाजोगाईत राहतो. एका कार्यालयात लिपिक म्हणून काम करतो आणि सुटीच्या दिवशी जमेल तेवढे समाजाचे काम करतो. विद्यार्थ्यांचे फॉर्म भरून देणे, शिष्यवृत्तीसाठी खेटे घालणे, जयंतीचा हिशेब लिहिणे अशी ती कामे. मुलगी तीन वर्षांपासून संगीताच्या क्लासला जाते. पेटीवर तिचा हात बरा बसला आहे आणि गांधर्व महाविद्यालयाच्या दोन परीक्षाही ती पास झाली आहे. पेटी क्लासमध्ये होती, म्हणून आजवर आम्हाला वाद्य विकत घेण्याचा प्रसंगच आला नव्हता. पण उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई तिने मोबाईलवर ऐकली आणि त्यानंतर तिला दुसरे काही सुचेना. पुण्याच्या नम्रता गायकवाड या तरुण बाई सनईवादन करतात हेही तिने शोधून काढले. "मुलींनी वाजवायची नसते असं आता कुणी म्हणू नका," असे तिने आधीच बजावून ठेवले.

आम्ही तसे म्हणणार नव्हतो. आमची अडचण निराळी होती.

आमचे आजोबा सनई वाजवीत. गावोगावी हे काम वेगवेगळ्या लोकांकडे असे. कुठे देवळात गुरव वाजवीत, कुठे मातंग समाजाकडे वाजंत्र्यांचा ताफा असे, तर कुठे आपले लोक वाजवीत. आमच्या गावी आमच्या घराकडे सनई होती. घरी दीक्षा घेतलेली होती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तरी पोटासाठी वाजविणे चालू होते. आमची आई 1972 च्या दुष्काळात सून म्हणून त्या घरात आली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी गावातल्या एका मोठ्या लग्नात अवकाळी पाऊस आला. वऱ्हाडी मांडवातून उठून वाड्यात गेले. आजोबा आणि संबळवाला मांडवाबाहेर लिंबाखाली उभे होते, ते तिथेच भिजत उभे राहिले. कोणी आत या म्हटले नाही आणि आत जायची यांची हिंमत झाली नाही. पाऊस उघडल्यावर त्यांना पुन्हा वाजवायला सांगितले. पंगती उठल्यावर उरलेले अन्न त्यांच्या फडक्यात टाकले. त्या रात्री घरी येऊन आजोबांनी सनई चुलीत घातली.

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकली होती. कार्यकर्ता झाल्यावर भाषणांतून सांगितलीही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढण्यासारखी कामे टाकून देण्याचे आवाहन केले, ते सांगून झाले की आम्ही आजोबांच्या सनईची गोष्ट सांगायचो. शेवटी म्हणायचो, "वाजंत्री सोडा, पुस्तक धरा." टाळ्या पडायच्या.

आता पुस्तक धरलेली आमचीच मुलगी सनई मागत होती.

आईला कळले तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "त्या सनईच्या जाळावर ह्या घरानं भाकरी खाल्लीया. आन् आता पैसे देऊन तीच घरात आनता व्हय?"

यावर बोलण्यासारखे आमच्याकडे काहीच नव्हते. दोन महिने आम्ही विषय टाळला. मुलगी रुसली नाही. ती तिच्या पद्धतीने मुद्दे गोळा करत राहिली. एका रविवारी तिने आम्हाला मोबाईलवर परदेशातील एका वाद्यवृंदाचा कार्यक्रम दाखविला. मोठे सभागृह, व्यासपीठावर शंभरेक वादक, सगळे आपापली वाद्ये घेऊन बसलेले. तेवढ्यात मध्यभागी बसलेल्या एका बाईने काळ्या रंगाचे, नळीसारखे एक वाद्य तोंडाला लावले आणि एकच सूर लांबवर धरला. तो सूर ऐकून बाकीच्या सगळ्यांनी आपली वाद्ये त्याला जुळवून घेतली.

"पप्पा, हा ओबो," मुलगी म्हणाली. "आपल्या सनईचं भावंड."

तिचे म्हणणे बरोबर आहे, हे आम्ही नंतर वाचून पाहिले. ओबो आणि सनई या दोन्ही वाद्यांत फुंकायच्या जागी पातळ दुहेरी पत्ती असते आणि फुंकरीने तिची दोन पाती थरथरून सूर निघतो. दोन्हींची लाकडी नळी वरून खाली रुंद होत जाते. फरक एवढा की ओबोला धातूच्या पुष्कळ चाव्या असतात आणि सनईची भोके उघड्या बोटांनीच झाकायची असतात. अर्धे भोक झाकून, बोट सरकवून सनईवाला मींड काढतो. चावीच्या वाद्यावर तशी मींड सहजासहजी निघत नाही. ओबो हे वाद्य 17 व्या शतकात फ्रान्समध्ये घडले आणि तिथल्या राजदरबारात मानाने वाजले. त्याचा सूर स्थिर असतो आणि गर्दीतही स्वच्छ ऐकू येतो. म्हणून सगळ्या वाद्यवृंदाने त्याच्यावरून सूर लावून घ्यायचा, अशी तिकडे रीत पडली.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. तिकडे त्या वाद्याच्या माणसाला मधोमध खुर्ची, आणि त्याने सूर दिल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. इकडे सनई वाजल्याशिवाय लग्नाला शोभा नाही म्हणायचे आणि वाजविणाऱ्याने मात्र पावसात उभे राहायचे. वाद्ये जवळजवळ सारखीच. मग आजोबांनी चुलीत घातली ती सनई होती, की ते पावसात उभे राहणे होते? इतकी वर्षे भाषण करताना हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता. स्वतः बाबासाहेबांना व्हायोलिनची आवड होती आणि उतारवयात त्यांनी ते शिकायला घेतले होते. हेही आम्ही वाचले होते, पण भाषणात कधी सांगितले नव्हते.

सकाळी मुलीला म्हणालो, "घेऊ." तिने हळूच विचारले, "ओबो की सनई?" यावर बापलेकींनी बसून विचार केला. ओबो शिकविणारा आपल्या जिल्ह्यात कोणी नाही. मुंबईत 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण मुंबई ती मुंबई. नवा, बरा ओबो घ्यायचा तर गोष्ट लाखाच्या घरात जाते आणि चावी बिघडली तर दुरुस्तीला कुठे जायचे, हा प्रश्न राहतोच. सोलापूरच्या जाधव घराण्याची सुंदरी म्हणून ओळखली जाणारी, सनईपेक्षा आखूड अशी वाद्याची जातही आहे, पण ती शिकायची तर सोलापूर गाठावे लागेल. जे वाद्य शिकविणारा जवळ आहे, ज्याची पत्ती मिळते आणि जे आपल्या पगारात बसते, ते आधी घ्यावे, असे ठरले. म्हणजे सनईच.

यानंतर आमच्या हातून जी चूक झाली ती मुद्दाम सांगतो, कारण ती दुसऱ्या पालकांच्या हातून होऊ नये.

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही कामानिमित्त एका मोठ्या शहरात गेलो होतो. तिथल्या एका दुकानात काचेच्या कपाटात सनई दिसली. तांबूस चकचकीत पॉलिश, खाली नक्षीचे पितळी तोंड, मखमली डबी. 1,800 रुपये. आम्ही वाजवून पाहू शकत नव्हतो. दुकानदाराने स्वतः फुंकून एक सूर काढून दाखविला. आम्ही पैसे दिले, पावती घेतली आणि मुलीला चकित करायचे म्हणून डबी पिशवीत लपवून आणली.

मुलगी आनंदली. पण आठ दिवसांत तिच्या कानाने चूक पकडली. सा पेटीशी जुळे, पंचम मात्र चढा लागे आणि तार षड्ज तर भलतीकडेच जाई. तिला वाटले, आपलीच फुंकर कच्ची आहे. बिचारी रोज तास तास घाम गाळत बसायची. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत ती सनई फळीवर होती. एक दिवस पाहतो तर दोन भोकांच्या मधून केसासारखी चीर गेलेली. नखाने खरवडले तेव्हा पॉलिशखाली जुनी चीर मेणाने बुजवलेली दिसली. पावती घेऊन परत गेलो, तर दुकानदार म्हणाला, वाद्य वापरले की आमची जबाबदारी संपली.

आई काही बोलली नाही, आणि ते तिच्या बोलण्यापेक्षा जड गेले.

तेव्हा आम्हाला आबांची आठवण झाली. केज तालुक्यातील एका गावात राहणारे हे मातंग समाजाचे गृहस्थ. वय 76. उभा जन्म सनई वाजविण्यात गेला. पूर्वी लग्नसराईत त्यांना एक दिवस मोकळा नसे. मग बँड आले, त्यानंतर डीजे आला. आता वर्षाकाठी दोन-चार लग्ने मिळतात. त्यांचे गाव आमच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर आहे. तीस वर्षांत आम्ही त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो असू. त्यांच्या दारात मात्र एकदाही थांबलो नव्हतो. कारण लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आम्ही वाजविणे सोडलेले लोक होतो आणि ते न सोडलेले. ज्याने सोडले तो पुढे गेला, ज्याने सोडले नाही तो मागे राहिला, असा हिशेब आम्ही मनात मांडून ठेवला होता. आपल्या 14 एप्रिलच्या मिरवणुकीसाठी आम्ही हजारो रुपये डीजेला मोजले, त्याचा हिशेब आमच्याच हस्ताक्षरात आहे. त्यात आबांच्या नावाने एक रुपयाही नाही.

मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. आबांनी ती चिरलेली सनई हातात घेतली, फिरवून पाहिली आणि हसले. "साहेब, ही कपाटात ठेवायची हाय. वाजवायची न्हाई."

मग ते मुलीला समजावू लागले आणि आम्ही वही काढून लिहून घेऊ लागलो. ते इथे देतो. घरात कोणाला सनई घ्यायची असेल तर कात्रण जपून ठेवावे.

पहिली गोष्ट, पॉलिश पाहू नये. पत्ती काढून सनई डोळ्याला लावावी आणि आतून उजेडाकडे पाहावे. नळी आतून सरळ, गुळगुळीत दिसली पाहिजे. आत लाकडाचे कूस उभे राहिले असेल तर सूर खरखरतो. लाकूड शिसवीसारखे जड आणि मुरलेले असावे. ओल्या लाकडाची सनई आपल्याकडच्या उन्हाळ्यात फाटणारच.

दुसरी गोष्ट, चीर शोधावी. भोकांच्या मधली जागा आणि पितळी तोंडाजवळचा भाग नखाने चाचपून पाहावा. सनईत मेण असतेच. खालच्या भोकांत ते थोडे लावून सूर जुळवतात आणि ती चांगल्या कारागिराचीही पद्धत आहे. पण चिरेत भरलेले मेण म्हणजे फसवणूक. पितळी तोंड हलवून पाहावे, ते खुळखुळता कामा नये.

तिसरी गोष्ट, वाद्य ज्याचे त्याच्या हाताने मोजावे. बापाने एकट्याने जाऊन आणू नये. सनई लांब असेल तर सूर खालचा आणि भोकांतले अंतर जास्त, आखूड असेल तर सूर वरचा. शिकणाऱ्याची बोटे ताण न पडता सगळ्या भोकांवर पुरी बसली पाहिजेत. एका बोटाखालून जरी हवा गेली तरी सूर फाटतो. आपल्या क्लासमध्ये कोणत्या पट्टीत गातात-वाजवितात ते आधी विचारून जावे, म्हणजे पेटीबरोबर बसायला अडचण येत नाही.

चौथी गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली. दुकानात पाच सनया पाहायच्या असतील, तर प्रत्येकीला तिची स्वतःची पत्ती लावून पाहू नये. आपली एकच चांगली पत्ती बरोबर न्यावी आणि ती पाचही सनयांना लावून पाहावी. आबा म्हणाले, "न्हाई तर तुम्ही सनई न्हाई पाहत, पत्ती पाहता." चांगल्या पत्तीने वाईट सनई दोन मिनिटे गोड वाजते आणि गिऱ्हाईक फसते.

पाचवी गोष्ट, आधी सा लावावा, मग पंचम, मग तार षड्ज. तंबोऱ्याचा सूर आता मोबाईलवरही मिळतो, तो चालू ठेवावा. प्रत्येक सूर आधी हळू आणि मग जोरात फुंकून पाहावा. जोर वाढवला की सूर थोडा चढतोच, तो ओठाने सांभाळता येतो. पण जागाच सोडत असेल तर भोक चुकलेले आहे. केसभर चूक मेणाने निघते, बोटभर चूक निघत नाही.

सहावी गोष्ट, खर्च सनईचा एकदाच असतो, पत्तीचा मात्र कायमचा. पत्ती झिजते, फाटते. सनईवाल्याजवळ दोन-चार पत्त्या आणि पत्ती नीट करायची सुई दोऱ्याने बांधलेली असते, ती शोभेसाठी नसते. म्हणून सगळे पैसे सनईत घालू नयेत, पत्त्यांसाठी बाजूला ठेवावेत.

हे सगळे सांगून झाल्यावर आबा म्हणाले, "मी येतो संगं. पुण्याला जाऊ."

आम्ही तिघे रात्रीच्या एस.टी.ने निघालो. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास 2022 पासून मोफत आहे आणि महिलांना 2023 पासून अर्धे तिकीट. त्यामुळे पूर्ण तिकीट एकट्या आमचेच लागले. सकाळी पुण्यात उतरलो, चहा घेतला आणि दुकान उघडायची वाट पाहिली.

दुकान चांगले होते. मालकाने आमच्यापुढे आणि मुलीपुढे खुर्च्या सरकविल्या आणि सात सनया काढून ठेवल्या. आम्ही बसलो. थोड्या वेळाने लक्षात आले की आबा आत आलेलेच नाहीत. ते उंबऱ्याबाहेर, फुटपाथवर, टोपी हातात घेऊन उभे होते. कोणी त्यांना अडवले नव्हते, कोणी काही बोललेही नव्हते. पन्नास-साठ वर्षे मांडवाबाहेर उभे राहिलेल्या माणसाचे पाय आपोआप उंबऱ्याशी थांबले होते.

आम्हाला आमचे आजोबा दिसले. लिंबाखाली उभे असलेले. आजोबांना आम्ही कधी पाहिले नाही, त्यांचा फोटोही नाही. पण ते असेच उभे राहिले असणार.

आम्ही उठलो, बाहेर गेलो, आबांचा हात धरला आणि म्हणालो, "आबा, आत चला. निवडणारे तुम्ही आहात." त्यांना आमच्या खुर्चीवर बसविले आणि आम्ही उभे राहिलो. दुकानदाराला सांगितले, "हे मुलीचे गुरुजी." त्या माणसाने लगेच आणखी एक खुर्ची आणली आणि आबांना पाणी दिले. तो शब्द आमच्या तोंडून कसा गेला ते माहीत नाही. तोवर तसे काही ठरलेले नव्हते.

आबांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेली आपली पत्ती काढली. सातांपैकी तीन तर नुसत्या उजेडाकडे धरूनच बाजूला केल्या. एक मुलीच्या बोटांना मोठी पडली. राहिलेल्या तीन त्यांनी एकेक करून वाजविल्या. दोन फुंकरी मारायचे, मग मुलीला द्यायचे. तिने फुंकली की डोळे मिटून ऐकायचे. दुकानात आलेले दुसरे गिऱ्हाईक थांबून पाहू लागले. सर्वांत जास्त किमतीची होती तिचा तार षड्ज जरा दबका निघाला. मधल्या किमतीची, साध्या रंगाची, नक्षी नसलेली एक होती. तिच्यावर मुलीने सा धरला आणि आबांनी डोळे उघडले. "हीच," एवढेच म्हणाले.

सवयीप्रमाणे आम्ही हिशेब लिहून ठेवला आहे. सनई 6,500. पत्त्या आठ, 1,200. कापडी पिशवी 300. तिघांचे जाण्यायेण्याचे तिकीट 1,650. चहा-जेवण 700. एकूण 10,350 रुपये. पहिल्या फसलेल्या सनईचे 1,800 धरले तर 12,150. त्यासाठी पोस्टातील आवर्त ठेव मोडली. ती कूलरसाठी ठेवली होती. यंदाचा उन्हाळा पंख्यावर काढू.

परत आल्यावर आबांना घरी घेऊन आलो. त्यांच्या हातात पाकीट ठेवले, त्यांनी ते परत केले. म्हणाले, "लेकराच्या शिक्षनाला आलो व्हतो." हा पेच मुलीच्या आईने सोडविला. ती म्हणाली, "आज पैसे घेऊ नका. पण दर रविवारी शिकवायला या आणि महिन्याला फी घ्या. क्लासच्या सरांना देतो तशी." आबांनी मान हलविली. तेव्हापासून आमच्या घरखर्चाच्या वहीत दर महिन्याला एक ओळ असते: 'गुरुजींची फी, 1,000 रु.' बलुत्याच्या दिवसांत अशी ओळ कोणाच्या वहीत नव्हती. वाजविणाऱ्याला पायली-दोन पायली आणि उरलेली भाकरी मिळे, आणि तेही उपकार केल्यासारखे. शिक्षण तेच, फुंकर तीच. फरक या ओळीचा आहे.

त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती. आबांना चहा तिने मुलीच्या हाती पाठविला. पुढच्या रविवारीही तसेच. नवी सनई पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नये, वाजवून झाल्यावर आतून फडक्याने कोरडी करावी, मधून मधून आत तिळाच्या तेलाचा हलका हात फिरवावा आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नये, असे आबांनी सांगितले होते. त्याप्रमाणे मुलगी संध्याकाळी मोजून वीस मिनिटे बसायची. आई तेवढा वेळ मागच्या दारी जाऊन बसायची.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मुलगी फुंकत होती आणि सूर काही केल्या धरत नव्हता. नुसती हवा जायची, मध्येच किंचाळल्यासारखा आवाज यायचा. मुलगी रडकुंडीला आली. तेवढ्यात मागच्या दारातून आईचा आवाज आला:

"आगं, पत्ती कोरडी हाय. आधी तोंडात धरून भिजू दे. तुझ्या बापाचे आजोबा चूळ भरून, पत्ती व्हटात धरून मग घराभाईर पडायचे."

मुलीने पत्ती ओठात धरली. जरा वेळाने फुंकली आणि सा लागला. आम्ही आईकडे पाहिले. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "एवढंच म्हाईत हाय मला. ते वाजवायचे चांगलं. तेवढं कुनी म्हनलं न्हाई त्यांना कधी." आणि पदराने तोंड पुसून भाकरी टाकायला उठली.

वाचक बंधू-भगिनींनो, आजोबांनी सनई चुलीत घातली ते बरोबर केले. त्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी ती जाळली नसती तर आम्ही कदाचित आजही कुणाच्या मांडवाबाहेर उभे असतो, आणि आमची मुलगीही. आज मुलगी जी सनई वाजवते ती वतन म्हणून तिच्या गळ्यात पडलेली नाही. ती तिने मागून घेतली, बापाने पगारातून घेतली, गुरुजींनी पारखून घेतली. उद्या तिला ती सोडून द्यावीशी वाटली तर तिला कोणी अडविणार नाही. सोडायचे स्वातंत्र्य आजोबांनी मिळविले, म्हणून धरायचे स्वातंत्र्य हिला आहे.

उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी लग्नाच्या दारातली ही सनई मैफिलीच्या व्यासपीठावर नेली. 2001 साली त्यांना भारतरत्न मिळाले. आमच्या मुलीला तेवढे व्हायचे आहे असे नाही. तिला पुढची परीक्षा द्यायची आहे आणि बी.ए.ला संगीत घ्यायचे आहे. जमले तर एक दिवस आकाशवाणीच्या परीक्षेला बसायचे आहे.

आमच्या वस्तीतील जयंती मंडळाच्या बैठकीत या वर्षी आम्ही एक ठराव मांडला: मिरवणूक संपल्यावर सभेच्या सुरुवातीला आबांची सनई व्हावी. पोरांनी कुरकुर केली, डीजेवाल्याला आगाऊ दिले आहेत म्हणाली. आम्ही म्हणालो, डीजे असू दे, पण एक खुर्ची व्यासपीठावर मधोमध ठेवा. चर्चा अजून चालू आहे. ठराव पास झाला तर आबा त्या खुर्चीवर बसतील आणि आम्ही त्यांच्या मानधनाची रक्कम हिशेबात सर्वांत वर लिहू.

आई येणार का, असे मुलीने परवा तिला विचारले. आई म्हणाली, "आधी तुझा पंचम नीट लागू दे, मग बघू."